वाशी स्थानकावर कार्यालयं का आली?

वाशी स्थानकात उतरलं की फलाटाच्या वर आणि बाजूला कार्यालयांचे मजले दिसतात. हे रूप वास्तुविशारद हफीज कॉन्ट्रॅक्टर यांचं, पण त्याचं मूळ नकाशात कमी आणि हिशेबाच्या वहीत जास्त आहे.

१९६० च्या दशकात चार्ल्स कोरिया, प्रवीणा मेहता आणि शिरीष पटेल यांनी मुंबईच्या खाडीपलीकडे नवं शहर, म्हणजे आजची नवी मुंबई, वसवण्याची कल्पना मांडली. १९७० मध्ये सिडको हे सरकारी नगरविकास महामंडळ आलं, ९५ गावांची सुमारे ३४४ चौरस किलोमीटर जमीन त्याच्या नियोजनाखाली गेली. खाडीवर मोटारींसाठी पूल झाला, तरी लोकलशिवाय मुंबईकर हलेना. शेवटी तोडगा निघाला: रेल्वेमार्गाच्या खर्चातले ६७ टक्के सिडकोचे, ३३ टक्के रेल्वेचे. मे १९९२ मध्ये मानखुर्द-वाशी लोकल धावली. एवढा पैसा परत मिळवायचा तर दोनच वाटा होत्या: तिकिटावर अधिभार आणि स्थानकावरची जागा. म्हणून वाशी, बेलापूर इथली स्थानकं मुळातच गाळे-कार्यालयांसह बांधली गेली.

अशा इमारतीत खरी अडचण खांबांची. खाली ते रुळांच्या आणि फलाटांच्या मधल्या पट्ट्यातच उभे राहू शकतात. वर कार्यालयांना सोयीची खांबांची जाळी, म्हणजे त्यांच्या जागा आणि अंतरं, वेगळी. खालची आणि वरची जाळी जुळली नाही की मध्ये जाड तुळई घालून वरचा भार खालच्या खांबांवर वळवावा लागतो. ती तुळई नंतर तोडता-छेदता येत नाही, त्यामुळे वापर बदलला तरी गाळ्यांची मांडणी फारशी बदलत नाही.

दुसरी डोकेदुखी पावसाची. एवढी लांब इमारत एकसंध ओतत नाहीत. तापमानाने फुगण्या-आकसण्यासाठी सांधे सोडतात. त्यातली भरणी उन्हाने कडक झाली की फटीतून पाणी उतरतं आणि थेट फलाटावर टपकतं. वरून फक्त डांबर ओतून हे थांबत नाही. जुनी भरणी खरवडून सांधा कोरडा केल्यावरच नवी धरते. त्यात खाडीची खारी हवा. क्षार काँक्रीटमध्ये शिरले की सळई गंजून फुगते, वरचा थर पोपडा होऊन पडतो. वाशीवरून जाणारा हार्बर मार्ग २०१६ पर्यंत १५०० व्होल्ट डीसीवर (एकाच दिशेने वाहणाऱ्या विजेवर) चालत होता. त्याच्या भटक्या, म्हणजे रुळांतून जमिनीत झिरपणाऱ्या, प्रवाहानेही जमिनीतल्या लोखंडाला गंज चढू शकतो, हे तपासणाऱ्याने लक्षात ठेवलेलं बरं. २५,००० व्होल्ट एसी (दिशा बदलत राहणारी वीज) आल्यावर तारा आणि छत यांमधलं अंतर जास्त लागतं. त्यामुळे छताच्या तळाची दुरुस्ती आता वीजपुरवठा बंद ठेवून, रात्रीच्या थोड्या तासांतच उरकावी लागते.