फिल्म की डिजिटल, त्याआधी रोल धुवायचा कुठं ते सांगा

गेल्या महिन्यात छत्तीस फोटोंचा एक कलर रोल संपवला आणि मग डोक्यात आलं की आता हा धुवायला टाकायचा कुठं, कारण सांगलीत ज्या लॅबमध्ये मी पंधरा-वीस वर्षांपूर्वी रोल टाकायचो तिथं आता मोबाइलची कव्हरं मिळतात. शेवटी कुरियरनं पुण्याला पाठवला. फिल्म बरी की डिजिटल हा विषय निघाला की सगळे ग्रेन, कलर, मेगापिक्सेल यावर भांडतात, मीही भांडलोय, पण मागचा इतिहास बघत गेलो तसं माझं मत असं झालं की फिल्म चालली ती लॅबच्या जिवावर आणि गेली तीसुद्धा लॅबबरोबरच, कॅमेरा त्यात नंतर येतो.

सुरुवातच बघा ना. १८८८ ला जॉर्ज ईस्टमननं पहिला कोडॅक कॅमेरा काढला, त्यात १०० फोटोंचा रोल आधीच भरलेला असायचा, तो संपला की अख्खा कॅमेराच कारखान्याला पाठवून द्यायचा, तिथं रोल धुवून, कॉप्या काढून, नवा रोल भरून परत यायचा. म्हणजे माणूस विकत सोय घेत होता, हात काळे दुसऱ्यानं करायचे. पुढं १९२५ ला लायकानं सिनेमाची ३५ एमएमची फिल्म छोट्या कॅमेऱ्यात घातली आणि छत्तीसचा हिशेब जगभर रुळला.

आपल्याकडं मात्र बराच काळ छत्तीस नाही, बाराच. वडिलांच्या वेळी बडोद्यात बनणारा आगफा क्लिक थ्री हाच घराघरातला कॅमेरा, १२० चा रोल, चौकोनी बारा फोटो, बास. बाहेरून येणारी फिल्म महाग आणि मिळायची मारामार, म्हणून सरकारनं १९६० मध्ये उटीला हिंदुस्थान फोटो फिल्म्स उभी केली, १९६७ ला उत्पादन सुरू झालं, इंदू नावानं माल यायचा. उटीच का, तर थंड हवा आणि धूळ कमी. आमच्या घरात बारापैकी एक फोटो गणपती मंदिरासमोर, एक आयर्विन पुलावर आणि उरलेले पाहुण्यांसाठी राखीव असं ठरलेलं असायचं, आणि कुणी डोळे मिटले तर त्याला पुढं दहा वर्षं बोलणी. कॉपीपण बहुतेक वेळा निगेटिव्हएवढीच, कोपऱ्यात कागदी त्रिकोण लावून काळ्या पानावर चिकटवलेली.

त्या काळी स्टुडिओवाला म्हणजे अर्धा केमिस्ट. लाल दिवा, हायपोचा (फोटो पक्का करणाऱ्या केमिकलचा) तो नाकात बसणारा वास, शिसपेन्सिलनं निगेटिव्हवर टचिंग करून नवरीच्या गालावरचे डाग घालवणं. वापरलेला हायपोसुद्धा फेकायचे नाहीत, कारण फिल्मवरची चांदी त्यात उतरलेली असते आणि ती काढून विकता येते. (चांदी गाळायला माणसं शोधायला आपल्या जिल्ह्याला लांब जायला नको, विटा-खानापूर-आटपाडीचे गलाईवाले देशभर तेच करतात.)

खरा बदल झाला तो कलरमुळं, आणि त्यातसुद्धा कोडॅकनं १९७२ ला आणलेल्या सी-४१ या प्रोसेसमुळं. कलर निगेटिव्ह कुठल्याही कंपनीची असो, केमिकल तेच, तापमान ३७.८ डिग्री, डेव्हलपरमध्ये, म्हणजे फोटो उमटवणाऱ्या केमिकलमध्ये, ३ मिनिटं १५ सेकंद. कृती ठरलेली म्हटल्यावर ती मशीनला देता येते, म्हणून मिनिलॅब, म्हणजे दुकानातच रोल धुवून कॉप्या काढणाऱ्या मशीन, आल्या, आणि नव्वदच्या दशकात सकाळी रोल टाका संध्याकाळी कॉप्या न्या हे सांगलीतही नेहमीचं झालं. फक्त या मशीनची एक खोड आहे, तिला रोज रोल लागतात. टाकीतलं डेव्हलपर हवेनं खराब होत जातं, जेवढे रोल जातील तेवढं ताजं केमिकल आत येतं, रोल कमी झाले की टाकी शिळी होते आणि कलर बिघडायला लागतात. हा रोजचा रतीब घालत कोण होतं, तर लग्नाचे फोटोग्राफर. माझ्यासारखा हौशी माणूस महिन्याला एक रोल टाकणार आणि वर सदतीसावा फोटो निघाला का विचारणार, त्याच्यावर लॅब चालत नसते.

डिजिटल कॅमेरासुद्धा कोडॅकमध्येच जन्मला, १९७५ ला स्टीव्ह सॅसननं बनवला, ०.०१ मेगापिक्सेल, एक फोटो कॅसेटवर उतरायला २३ सेकंद. त्यानं कुणाचंच काही बिघडलं नाही. २००३ ला कॅननचा ३००डी हा डिजिटल कॅमेरा आला, ६.३ मेगापिक्सेल, तिथनं पुढं गणित फिरलं. फोटो फिल्मपेक्षा भारी यायचा म्हणून नव्हे हो, उलट पांढरा शालू उन्हात पार उडून जायचा, पण लग्नवाल्याला रोलचा खर्च वाचला आणि फोटो आलाय का नाही ते मांडवातच कळायला लागलं. मग करिझ्मा अल्बम (पानांवरच फोटो छापलेले डिजिटल अल्बम) आले, रोल बंद, टाक्या शिळ्या. माझे शेवटचे दोन-तीन रोल लॅबमधून असे काही जांभळट होऊन आले की मीच कंटाळून डिजिटल घेतला. कोडॅकनं २०१२ ला दिवाळखोरी जाहीर केली तोवर आमच्या गल्लीतला निकाल कधीच लागला होता.

आता म्हणे फिल्म परत आलीय. आलीय खरी, कोडॅकनं एक्टाक्रोम ही स्लाइड फिल्म २०१८ ला पुन्हा काढली, पेंटॅक्सनं २०२४ ला नवा फिल्म कॅमेरा आणला, छत्तीसच्या रोलवर अर्ध्या फ्रेमचे ७२ फोटो देणारा. पण परत आली ती फिल्म, गल्लीतली लॅब नाही. रोल, धुणं, स्कॅनिंग, कुरियर धरून मला एक फोटो पन्नासाच्या आसपास पडतो, आणि कासला धुक्यात, वाऱ्यात हलणाऱ्या फुलांपुढं उभं राहिलं की दोनशे फोटोंतले चार बरे येतात. तिथं मी डिजिटलच नेतो.

तरी फिल्म सोडवत नाही त्याचं कारण २०१९ चा पूर. गावभागातल्या घरात पाणी शिरलं, अल्बमच्या कॉप्या एकमेकांना चिकटून लगदा झाल्या, पण निगेटिव्हच्या पट्ट्या स्वच्छ पाण्यात धुवून दोरीवर चिमट्यांनी लावल्या तर निम्म्या वाचल्या. त्याच पुरात हार्डडिस्कपण बुडाली आणि २००८ ते २०१२ चं सगळं गेलं, बॅकअप नव्हता ही चूक माझीच.

तर सध्या कलर डिजिटलवर आणि ब्लॅक अँड व्हाइट फिल्मवर, कारण ती घरी धुता येते, लॅबची वाट बघायला नको. अडचण एकच, त्याला पाणी २० डिग्रीचं लागतं आणि एप्रिलमध्ये आमच्या गच्चीवरच्या टाकीचं पाणी जवळजवळ सी-४१ ला चालेल एवढं तापलेलं असतं, म्हणून फ्रीजमधले बर्फाचे सगळे ट्रे माझे, आणि त्यावरून घरात रोज बोलणी.