घारी उत्तरेला निघतात तेव्हा

मार्च लागला की मुंबईतल्या घारी मोजत बसण्यापेक्षा त्या कुठे निघाल्यात ते बघावं. हिवाळा काढायला उत्तरेकडून आलेले शिकारी पक्षी फेब्रुवारीच्या अखेरीपासून एप्रिलपर्यंत परतीच्या वाटेला लागतात. थव्यांची गर्दी नसते, त्यामुळे शहराला पत्ताही लागत नाही. बोरिवलीच्या राष्ट्रीय उद्यानात कान्हेरी लेण्यांच्या वर उघडा कातळ आहे. तिथे सकाळी साडेनऊ-दहाला टोपी, पाणी आणि दुर्बीण घेऊन बसलात, तर हे प्रस्थान दिसण्याची चांगली शक्यता असते. (दुर्बीण फिरवताना सूर्य टाळा. पक्ष्यामागे जाता जाता तो कधी समोर येतो ते कळत नाही आणि डोळ्याला कायमची इजा होऊ शकते.)

रुंद पंखांच्या जड पक्ष्याला हजारो किलोमीटर पंख मारत जाणं परवडत नाही. तो उन्हाच्या जोरावर जातो. काळपट कातळ सकाळच्या उन्हात पटकन तापतो, शेजारचं जंगल मात्र पानांतून बाष्प सोडत असल्यामुळे त्यामानाने थंड राहतं. कातळावरची हवा तापून हलकी होते आणि वर चढते. हाच थर्मल. चढताना ही हवा प्रसरण पावते, दर किलोमीटरला सुमारे 10 अंशांनी थंड होते आणि भोवतालच्या हवेइतकी थंड झाली की थांबते. तोवर ती पक्ष्याला सेकंदाला दोन-तीन मीटर वेगाने फुकटात वर नेते. थर्मल संपला की पक्षी घसरत पुढचा गाठतो. एका लिफ्टमधून उतरून दुसरी पकडावी, तसा सगळा प्रवास.

हे नीट बघायचं तर एकाच घारीवर नजर ठेवा. घिरट्या घालताना पंख पूर्ण ताणलेले असतात, टोकाची पिसं सुटी सुटी दिसतात. शेपूट इतकी पसरलेली असते की घारीची ओळख असलेली मधली खाच जवळजवळ नाहीशी होते. मग अचानक घिरटी मोडते. पंख जरा मागे ओढले जातात, शेपूट मिटते, खाच पुन्हा दिसते आणि पक्षी सरळ रेषेत सुटतो. एक मीटर उंची खर्चून साधारण दहा मीटर पुढे. इथली घार थोड्या वेळाने फिरून त्याच हवेत येते. परतीला निघालेली उत्तरेकडे लहान लहान होत जाते आणि फिरकत नाही. नवख्या माणसाने जात ओळखण्याचा हट्ट धरण्याआधी ही दिशा आणि वेळ वहीत लिहावी, असं मला मनापासून वाटतं.

आपल्या घारींमध्ये हिवाळ्यात काळ्या कानाची घारही मिसळलेली असते. अंगाने थोडी थोराड, डोळ्यामागे गडद डाग, पंखाखाली टोकाकडे मोठा पांढरट पट्टा. दिल्लीत अशा काही घारींना जीपीएस यंत्रं बसवली होती. 2020 मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्या अभ्यासात त्या 3,300 ते 4,800 किलोमीटर उडून कझाकस्तान, रशिया, चीन आणि मंगोलिया यांच्या सीमाभागात गेल्याचं दिसलं. वाटेत हिमालय 6,000 मीटरहूनही उंचावरून ओलांडून! कचऱ्याच्या ढिगावर आपण जिच्याकडे ढुंकूनही बघत नाही, त्या पक्ष्याची ही ताकद.

सोबतीला क्वचित बूटेड ईगल दिसतो. समोरून येताना त्याच्या दोन्ही पंखांच्या मुळाशी एकेक पांढरा ठिपका चमकतो. ठाण्याच्या खाडीकडचा दलदली भोवत्या हा शिकारी पक्षी पंख वर उचलून धरतो आणि थर्मलवर तेवढा विसंबून राहत नाही.

दुपारच्या सुमारास खारा वारा आत येतो आणि खेळ बदलतो. समुद्रावरची थंड, जड हवा जमिनीवरच्या गरम हवेखाली घुसते. या दोन हवांच्या सीमेवर गरम हवा वर ढकलली जाते, तिथे घारी एका ओळीत तरंगताना दिसतात. ही सीमा पूर्वेला सरकली की तिच्यामागे थर्मल मंदावतात. म्हणून किनाऱ्याजवळ सकाळ महत्त्वाची.

एप्रिलच्या अखेरीला मात्र एक वेगळाच प्रवासी येतो. जेमतेम दीडशे ग्रॅमचा अमूर ससाणा. नोव्हेंबरमध्ये ईशान्य भारतातून निघून महाराष्ट्रावरून अरबी समुद्र ओलांडणारा हा पक्षी आफ्रिकेतून परतताना सोमालियाकडून पुन्हा तोच समुद्र पार करतो. जाताना ईशान्येकडचा वारा पाठीशी असतो, येताना पश्चिमेकडचा. भर समुद्रात थर्मलची साथ बेताचीच, म्हणून तो लांब, टोकदार पंख मारतच येतो. मे महिन्यात कातळावर गेलात तर उन्हं तापायची वाट बघू नका, आणि तोंड समुद्राकडे करून बसा.