प्लगवरचे हिरवे स्टिकर आणि ब्रिटनचा कायदा

ब्रिटनमधील कार्यालयात किटलीचा किंवा संगणकाचा प्लग काढून पाहिला, तर त्यावर पुष्कळदा तपासणीची तारीख लिहिलेले हिरवे स्टिकर दिसते. दरवर्षी असे स्टिकर लावून घेणे मालकावर कायद्याने बंधनकारक आहे, अशी तेथे बऱ्याच जणांची समजूत आहे. कायद्यात मात्र तसे कुठेही म्हटलेले नाही. 1 एप्रिल 1990 पासून लागू असलेल्या 'इलेक्ट्रिसिटी ॲट वर्क रेग्युलेशन्स 1989' या नियमावलीतील चौथा नियम मालकाकडून इतकेच मागतो की, विद्युत यंत्रणेची निगा अशी राखावी की तिच्यापासून, वाजवीपणे शक्य असेल तितपत, धोका उद्भवू नये. निगा कशी आणि किती दिवसांनी, हे मालकाने ठरवायचे आहे.

हे मोघम वाटते खरे, पण बिघाडाचे स्वरूप पाहिले म्हणजे त्यातला शहाणपणा कळतो. तेथील पुरवठा आपल्यासारखाच 230 व्होल्टचा आहे. ओल्या अंगाचा रोध 1000 ओहमच्या आसपास उतरू शकतो, आणि तसे झाले तर ओहमच्या नियमानुसार शरीरातून 230 मिलिअँपिअर प्रवाह जातो. हृदयाची लय बिघडवण्यास त्याहून बराच कमी प्रवाह पुरतो. ब्रिटिश प्लगमध्ये फ्यूज असतो, आपल्या प्लगमध्ये नसतो, परंतु जास्तीत जास्त 13 अँपिअर क्षमतेचा तो फ्यूज वायर तापून पेटू नये यासाठी आहे, माणसाला वाचवण्यासाठी नव्हे. माणसासाठी असते ती 30 मिलिअँपिअरच्या गळतीला पुरवठा तोडणारी आरसीडी नावाची स्वयंचलित कळ. शिवाय धातूच्या किटलीची अर्थिंगची तार आतून तुटली, तरी पाणी पूर्वीसारखेच उकळते. उपकरण चालते आहे, म्हणून ते सुरक्षित आहे असे मानता येत नाही, ते यामुळे.

अशी तुटलेली तार मीटरशिवाय सापडत नाही. उलट सोललेली वायर, प्लगमधून निसटलेले आवरण, जळकट डाग हे दोष नुसत्या डोळ्यांनाही दिसतात, आणि बहुतेक दोष याच जातीचे असतात. म्हणूनच तेथील आरोग्य व सुरक्षा विभाग डोळसपणे पाहण्यावर भर देतो, आणि दुहेरी रोधक आवरणाच्या, चौकोनात चौकोन अशी खूण असलेल्या कार्यालयीन उपकरणांना मीटरची चाचणी सहसा लागत नाही, असे सांगतो. बांधकामावरचे ड्रिल चिखलातून, लोखंडाच्या कडांवरून ओढले जाते. त्याची तपासणी वारंवार हवी. तेथे तर मुळात व्होल्टेजच 110 वर आणतात आणि ट्रान्सफॉर्मरच्या वेटोळ्याचा मध्य जमिनीला जोडतात, त्यामुळे कोणत्याही एका तारेला हात लागला तरी जमिनीच्या तुलनेत 55 व्होल्टच मिळतात. मला या साऱ्या व्यवस्थेतली ही युक्ती सर्वांत देखणी वाटते.

नियमावली कर्मचाऱ्यालाही मोकळे सोडत नाही: त्याच्या हाती असलेल्या बाबींपुरते नियम त्यालाही लागू आहेत.

मग स्टिकरचा उपयोग काय? 1974 च्या मूळ सुरक्षा कायद्याच्या कलम 40 प्रमाणे, केले त्याहून अधिक काही करणे वाजवीपणे शक्य नव्हते, हे न्यायालयात आरोपीने, म्हणजे बहुधा मालकानेच, सिद्ध करायचे असते. तपासणीची नोंद ठेवण्याची सक्ती नसली, तरी अपघातानंतर ती नोंद हाच त्याचा मोठा आधार ठरतो.