पार्श्वभूमी : अमेरिकी आयातशुल्काचा वाद नेमका कशावरून आहे

५ एप्रिल २०२५ च्या शनिवारी अमेरिकेच्या पन्नासही राज्यांत मिळून हजाराहून जास्त ठिकाणी लोक रस्त्यावर उतरले. ही निदर्शने मुळात ठरली होती ती सरकारी नोकरकपातीविरुद्ध आणि वृद्धांच्या निवृत्तिवेतनावर, आरोग्य योजनांवर येऊ घातलेल्या कात्रीविरुद्ध. तारीख आधीच जाहीर झाली होती. पण मधल्या बुधवारी, २ एप्रिलला, अध्यक्ष डोनाल्ड ट्रम्प यांनी व्हाइट हाउसच्या बागेतून जवळपास साऱ्या जगावर आयातशुल्क घोषित केले. पुढच्या दोन दिवसांत शेअर बाजाराचा प्रमुख निर्देशांक दहा टक्क्यांहून जास्त कोसळला आणि शनिवारच्या फलकांवर बचत खात्यांची काळजीही येऊन बसली.

तेव्हापासून हे दोन राग वेगळे काढता आलेले नाहीत. एकीकडे व्यापार, दुसरीकडे राज्यकारभार, अशी मांडणी वृत्तपत्रे करतात. ती सोयीची आहे, पण या प्रकरणात फसवी आहे. सरकारी खाती बंद करणे, नोकर काढणे आणि शुल्क लावणे, या सगळ्यामागे रीत एकच होती: आधी अध्यक्षांची सही, मग अंमल, आणि कायद्यात ते बसते का हा प्रश्न नंतर न्यायालयात. शुल्काच्या बाबतीत ही रीत कुठून आली, हे समजून घ्यायला थोडे मागे जावे लागते.

अमेरिकी राज्यघटनेने कर आणि जकात बसवण्याचा अधिकार काँग्रेसला, म्हणजे तिथल्या संसदेला दिला, अध्यक्षांना नाही. दीडशे वर्षे तिथले शुल्क संसदेतच, एकेका वस्तूवर घासाघीस करून ठरत असे. त्या पद्धतीचा शेवट १९३० च्या जकात कायद्याने झाला. हजाराहून अधिक अर्थतज्ज्ञांनी त्यावर सही करू नका अशी विनंती केली होती. तत्कालीन अध्यक्षांनी सही केली, कॅनडाने लगेच उलट शुल्क लावले आणि मंदी आणखी खोल गेली. पण एक तपशील आज विसरला जातो. ते विधेयक ज्या दोन सदस्यांच्या नावाने ओळखले जाते, ते दोघेही १९३२ मध्ये आपापल्या जागा गमावून बसले. मतदाराला शुल्काचा राग काढायला माणूस सापडत होता. २०२५ च्या शुल्कांवर एकाही खासदाराचे नाव नाही.

पोळलेल्या काँग्रेसने १९३४ मध्ये करार करून शुल्क कमी करण्याचा अधिकार अध्यक्षांना दिला. १९६२ मध्ये राष्ट्रीय सुरक्षेच्या कारणाने शुल्क लावण्याचीही मुभा दिली. पोलाद, अ‍ॅल्युमिनियम आणि मोटारींवरची आजची शुल्के याच कलमाखाली आहेत. त्यांच्याविरुद्ध ओरड आहे, पण कायदेशीर वाद फारसा नाही. उलट मोटार कामगारांच्या ज्या मोठ्या संघटनेने निवडणुकीत अध्यक्षांच्या प्रतिस्पर्ध्याला पाठिंबा दिला होता, तिनेच मार्च २०२५ मध्ये वाहनांवरच्या शुल्काचे स्वागत केले. शुल्काला पाठीराखे नाहीत असे चित्र रंगवणाऱ्यांनी हे लक्षात ठेवावे.

खरा गुंता १९७७ च्या कायद्यात होता आणि त्याची मुळे १९७१ मध्ये. डॉलर घसरत होता, तेव्हाच्या अध्यक्षांनी १५ ऑगस्ट १९७१ रोजी आयातीवर सरसकट दहा टक्के अधिभार लावला आणि तो डिसेंबरमध्ये उठवला. कपड्यांना लावायच्या जपानी चेन (झिप) आयात करणारी एक कंपनी न्यायालयात गेली. सरकारने बचावासाठी पुढे केला तो १९१७ चा, पहिल्या महायुद्धातला शत्रुराष्ट्रांशी व्यापाराविषयीचा कायदा. त्यात अध्यक्षांना आयातीचे ‘नियमन’ करण्याचा अधिकार होता. खालचे न्यायालय म्हणाले, नियमन म्हणजे कर नव्हे. १९७५ मध्ये अपिलात हे उलटले आणि अधिभार ग्राह्य ठरला.

दरम्यान, १९७४ च्या व्यापार कायद्यात काँग्रेसने नेमक्या अशाच प्रसंगासाठी वेगळे कलम घातले: व्यवहारतोल (देशात येणाऱ्या-जाणाऱ्या पैशाचा मेळ) बिघडला तर अध्यक्षांनी शुल्क लावावे, पण जास्तीत जास्त पंधरा टक्के आणि जास्तीत जास्त १५० दिवस. पुढे १९७७ मध्ये शांततेच्या काळातल्या आर्थिक आणीबाणीसाठी स्वतंत्र कायदा झाला आणि त्यात आयातीचे नियमन हे जुने शब्द तसेच उचलले गेले. शुल्क, जकात, कर यांपैकी एकही शब्द त्यात नाही.

झाले, इथून दोन तट पडले. सरकारचे म्हणणे असे, की १९७५ चा निकाल समोर असताना काँग्रेसने तेच शब्द पुन्हा वापरले, म्हणजे शुल्काचा अधिकार तिला मान्य होता. विरोधकांचे म्हणणे असे, की पंधरा टक्के आणि १५० दिवसांची मर्यादा तीनच वर्षांपूर्वी घालणारी काँग्रेस दुसऱ्या दाराने अमर्याद अधिकार कशाला देईल? मला दुसरा युक्तिवाद जास्त पटतो, आणि तो सरकारविरोधी आहे म्हणून नव्हे. पुढची सत्तेचाळीस वर्षे कुठल्याच अध्यक्षाने या कायद्याने शुल्क लावले नाही. १९७९ मध्ये इराणमधल्या ओलीस प्रकरणात तो पहिल्यांदा वापरला गेला, नंतर डझनावारी निर्बंधांसाठी. २०१९ मध्ये याच अध्यक्षांनी आपल्या पहिल्या कारकिर्दीत मेक्सिकोवर पाच टक्क्यांपासून चढत जाणाऱ्या शुल्काची धमकी याच कायद्याच्या आधारे दिली होती, पण काही दिवसांत ती मागे घेतली. प्रत्यक्ष शुल्क या कायद्याखाली आले ते फेब्रुवारी २०२५ मध्येच.

हा कायदा वापरायचा तर आधी आणीबाणी पुकारावी लागते. आणीबाणी म्हटले की आपल्याला १९७५ आठवते. तिकडची तशी नाही; ती एका आदेशात जाहीर होते, वृत्तपत्रे चालू राहतात आणि वर्षानुवर्षे कुणाच्या लक्षातही येत नाही. ती संपवणे मात्र अवघड. राष्ट्रीय आणीबाणीविषयीच्या १९७६ च्या मूळ कायद्यात सोपी तजवीज होती: दोन्ही सभागृहांनी ठराव करावा, आणीबाणी खलास, अध्यक्षांची सही नको. १९८३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने, एका स्थलांतरिताच्या हद्दपारीच्या खटल्यात, अशा प्रकारचे संसदीय नकाराधिकार घटनाबाह्य ठरवले. म्हणून १९८५ मध्ये तरतूद बदलली आणि ठरावावर अध्यक्षांची सही लागू लागली. ज्याने आणीबाणी पुकारली त्याच्याच सहीने ती संपणार, नाहीतर दोन तृतीयांश बहुमत हवे. दिलेला अधिकार परत घ्यायची वाट अशी बंद झाली आणि त्याची फारशी चर्चाही झाली नाही.

२०२५ मध्ये यावर आणखी एक कडी झाली. असा ठराव आला तर ठरावीक दिवसांत मतदान घेणे सभागृहाला बंधनकारक असते. मार्चमध्ये प्रतिनिधिगृहातल्या सत्ताधारी पक्षाने एक नियम संमत केला, की या शुल्कांच्या आणीबाणीपुरते अधिवेशनाचे उरलेले दिवस ‘दिवस’ म्हणून मोजलेच जाणार नाहीत. काँग्रेसचे दुसरे सभागृह असलेल्या सिनेटने २ एप्रिललाच कॅनडाविषयीची आणीबाणी संपवण्याचा ठराव ५१ विरुद्ध ४८ मतांनी केला होता. तो पलीकडच्या सभागृहात जाऊन पडून राहिला, कारण तिथे दिनदर्शिकाच थांबवलेली होती.

कॅनडाची गोष्ट वेगळी सांगायला हवी, कारण सर्वांत आधी पेटला तो हा शेजारी. १ फेब्रुवारीच्या आदेशाने कॅनडा आणि मेक्सिकोवर पंचवीस टक्के आणि चीनवर दहा टक्के शुल्क लागले. कारण दिले होते फेंटानिल या अमली पदार्थाचे आणि सीमेवरच्या घुसखोरीचे. शेजाऱ्यांना महिनाभराची सवलत मिळाली, ४ मार्चला शुल्क लागू झाले आणि दोनच दिवसांत तिन्ही देशांच्या करारात बसणाऱ्या मालाला सूट मिळाली. या धरसोडीत कॅनडातल्या आइस हॉकीच्या सामन्यांत अमेरिकी राष्ट्रगीताची हुर्यो उडाली, प्रांतीय सरकारांच्या दुकानांतून अमेरिकी दारूच्या बाटल्या काढल्या गेल्या, आणि गाडीने सीमेपलीकडे फिरायला जाणाऱ्या कॅनेडियनांची संख्या घटली. कॅनडाला ५१ वे राज्य करण्याच्या भाषेने त्यात तेल ओतले. एप्रिलअखेरच्या निवडणुकीत, जानेवारीत पराभूत समजला जाणारा सत्ताधारी पक्ष निवडून आला.

२ एप्रिलच्या यादीवर विनोदच जास्त झाले. त्या देशाशी असलेली अमेरिकेची व्यापार तूट, भागिले त्या देशातून होणारी आयात, त्याचे निम्मे: बहुतेक वरचे दर एवढ्यावर बेतले होते. म्हणून गरीब लेसोथोला पन्नास टक्के, आणि माणसांची वस्ती नसलेल्या, पेंग्विन राहतात त्या बेटांना दहा. चढे दर ९ एप्रिलला लागू झाले आणि त्याच दिवशी दुपारी नव्वद दिवसांसाठी स्थगित झाले. चीनवरचे तेवढे चढत चढत १४५ टक्क्यांवर गेले आणि मे महिन्यात जिनिव्हातल्या बोलण्यांनंतर तीसवर आले. स्थगिती का दिली? सरकारी रोख्यांच्या बाजारात विक्री सुरू होऊन व्याजदर चढू लागले होते आणि लोक अस्वस्थ झाल्याचे अध्यक्षांनी स्वतःच कबूल केले. हजार ठिकाणच्या निदर्शनांनी जे झाले नाही ते रोख्यांच्या व्याजदराने केले.

निदर्शने मात्र थांबली नाहीत, वाढत गेली. १४ जूनला राजधानीत लष्कराच्या २५० व्या वर्धापनदिनाचे संचलन होते. तोच अध्यक्षांचा ७९ वा वाढदिवस. त्या दिवशी ‘राजे नकोत’ अशा घोषणेखाली सुमारे दोन हजार ठिकाणी मोर्चे निघाले. १८ ऑक्टोबरला दुसरी फेरी झाली. आयोजकांनी ७० लाखांचा आकडा दिला. आयोजकांचे आकडे जसे घ्यायचे तसे घ्यावेत, पण गर्दी लहान नव्हती. राजेशाहीचा हा आरोप व्यापारात चपखल बसत होता, कारण ब्रिटिश राजवटीशी झालेले चहावरच्या कराचे भांडण तिथल्या शाळकरी पोरालाही पाठ असते.

आपल्याकडे ही झळ ऑगस्टमध्ये पोहोचली. ७ ऑगस्टपासून भारतीय मालावर पंचवीस टक्के, आणि रशियन तेल घेतो म्हणून २७ ऑगस्टपासून आणखी पंचवीस. अंधेरीच्या सीप्झमधल्या दागिने निर्यातदारांचा मोठा ग्राहक अमेरिका. त्यांच्या ऑर्डर अडकल्या. स्वदेशीची हाक पुन्हा ऐकू आली. पण मराठी घरांत ज्याची जास्त चर्चा झाली तो निर्णय वेगळाच होता. ८०० डॉलरपर्यंतच्या पार्सलला अमेरिकेत शुल्क लागत नसे, ती सवलत २९ ऑगस्टपासून सगळ्या देशांसाठी बंद झाली. तीही १९७७ च्याच कायद्याच्या आधारे. शंभर डॉलरपर्यंतच्या भेटवस्तूंना सूट कागदावर होती, पण शुल्क कोणी, कसे गोळा करायचे याची व्यवस्थाच नसल्याने विमान कंपन्या टपाल उचलेनात. भारतीय टपाल खात्याने आधी बहुतेक पार्सले आणि मग सगळेच बुकिंग थांबवले. ते पुन्हा सुरू झाले १५ ऑक्टोबरला, दिवाळी तोंडावर आल्यावर. पुण्याहून न्यू जर्सीला जाणाऱ्या चकल्या-अनारशांच्या डब्याला त्या वर्षी खासगी कुरिअरचा महागडा रस्ता धरावा लागला.

मधेच, १९ सप्टेंबरला, एच-१बी व्हिसाच्या नव्या अर्जावर एक लाख डॉलरचे शुल्क जाहीर झाले. हा आदेश स्थलांतर कायद्याखालचा, पण पद्धत तीच. शुक्रवारी सही, रविवारपासून अंमल. सुट्टीवर भारतात आलेल्यांनी मिळेल त्या विमानाचे तिकीट काढले. शुल्क फक्त नव्या अर्जांना आणि एकदाच, हा खुलासा शनिवारी आला.

ऑक्टोबरच्या शेवटी सिनेटने ब्राझील, कॅनडा आणि सरसकट शुल्के, अशा तिन्ही आणीबाण्यांविरुद्ध ठराव केले. सत्ताधारी पक्षाचे चार-पाच सदस्य त्यात सामील होते. पलीकडे दिवस अजून मोजले जात नव्हते. ४ नोव्हेंबरला व्हर्जिनिया आणि न्यू जर्सीच्या गव्हर्नरपदाच्या निवडणुका विरोधी पक्षाने जिंकल्या. प्रचार महागाईवर झाला होता. दहा दिवसांनी कॉफी, केळी, गोमांस, टोमॅटो अशा पदार्थांवरची शुल्के मागे घेतली गेली. शुल्काने किमती वाढत नाहीत असे वर्षभर सांगितल्यावर, किमती कमी व्हाव्यात म्हणून शुल्क काढावे लागले.

न्यायालयीन लढाई लढली ती मुख्यतः छोट्या आयातदारांनी आणि बारा राज्यांनी. न्यूयॉर्कचा एक वाइन आयातदार, इलिनॉयचा शैक्षणिक खेळण्यांचा उत्पादक, अशी मंडळी. मोठ्या कंपन्या बराच काळ गप्प होत्या. त्यांना सूट मागायला व्हाइट हाउसचा दरवाजा उघडा होता. मे महिन्यात व्यापार न्यायालयाने शुल्के बेकायदा ठरवली, २९ ऑगस्टला अपील न्यायालयाने सात विरुद्ध चार मतांनी तेच म्हटले, पण वसुली चालू राहिली. ५ नोव्हेंबरला सर्वोच्च न्यायालयात सुनावणी झाली तेव्हा खुद्द अध्यक्षांनीच नेमलेल्या एका न्यायमूर्तींनी १९८३ पासूनचीच अडचण मांडली: काँग्रेसकडून अध्यक्षांकडे अधिकार जातो, परत येत नाही. दुसऱ्यांनी विचारले, शुल्के रद्द झाली तर गोळा केलेल्या पैशांचे काय?

तो प्रश्न लहान नव्हता. सप्टेंबरअखेर संपलेल्या आर्थिक वर्षात सगळ्या प्रकारच्या सीमाशुल्कातून सुमारे १९५ अब्ज डॉलर जमा झाले, आदल्या वर्षीच्या अडीचपट. त्यातला मोठा हिस्सा या आणीबाणीच्या शुल्कांचा. नोव्हेंबर सरताना घाऊक विक्रीची एक बडी साखळीही परताव्यासाठी न्यायालयात गेली. परतावा मिळालाच तर तो ज्याच्या नावाने बंदरात शुल्क भरले गेले त्या आयातदाराला मिळणार होता. दुकानात कॉफी, खेळणे किंवा बुटासाठी ज्याने जादा किंमत मोजली, त्याच्या पावतीवर शुल्काचा वेगळा आकडा बहुधा नसतोच.