खंगणारे स्नायू आणि वनस्पतींतील रसायने

कर्करोगाच्या रुग्णाचे खंगणे वजनकाट्याच्या आधी घरच्यांच्या नजरेत भरते. बोटातली अंगठी निसटू लागते, कानशिलाजवळ खळगा पडतो आणि खुर्चीतून उठताना हातांचा आधार घ्यावा लागतो. खाणे कमी झाल्यामुळे असे होत असावे, असे समजून ताटात चार घास अधिक वाढले जातात. पण ते घास पोटात जाऊनही अंगाला लागत नाहीत, आणि त्याचा दोष नकळत रुग्णाच्या माथी मारला जातो. हे अन्यायाचे आहे, कारण येथे बिघाड भुकेपुरता मर्यादित नसतो.

या अवस्थेला कॅकेक्सिया म्हणतात. 2011 मध्ये तज्ज्ञांनी एकमताने तिची व्याख्या ठरवली. सहा महिन्यांत वजन 5 टक्क्यांहून अधिक घटणे हा तिचा एक निकष आहे, आणि केवळ नेहमीच्या पोषणोपचाराने ही झीज पूर्णपणे भरून येत नाही, हे त्या व्याख्येतच नमूद आहे. स्वादुपिंडाच्या व जठराच्या कर्करोगात ती विशेष आढळते. स्नायू घटलेल्या रुग्णाला केमोथेरपीचे दुष्परिणाम अधिक सोसावे लागतात, म्हणून ही झीज मूळ उपचारांच्याही आड येते.

स्नायूंतील प्रथिने सतत मोडत आणि नव्याने घडत असतात. जे प्रथिन मोडायचे, त्याला युबिक्विटिन नावाच्या छोट्या प्रथिनाची साखळी चिकटवली जाते आणि प्रोटिओसोम नावाची पिंपाच्या आकाराची रचना त्याचे तुकडे करते. या यंत्रणेच्या शोधासाठी सिकॅनोव्हर, हर्श्को आणि रोझ यांना 2004 चे रसायनशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळाले. स्नायूंत ही खूण चिकटवणारी मर्फ-1 आणि अ‍ॅट्रोजिन-1 ही दोन विकरे (एन्झाइम) 2001 मध्ये उजेडात आली. यांपैकी कोणतेही एक विकर ज्या उंदरांत नव्हते, त्यांचे स्नायू चेतातंतू तोडल्यावरही इतरांपेक्षा कमी झिजले. कर्करोगात गाठीतून आणि रोगप्रतिकारक पेशींतून टीएनएफ-अल्फा, इंटरल्यूकिन-6 यांसारखे दाह पेटवणारे रेणू रक्तात उतरतात. ते स्नायूपेशीतील एनएफ-कप्पा-बीसारखे संदेशमार्ग जागे करतात आणि मोडतोडीचा वेग घडणीच्या वेगाला मागे टाकतो.

वनस्पतींतील रसायनांविषयीची आशा याच ठिकाणी उगवते. हळदीतील कर्क्युमिन एनएफ-कप्पा-बीला आवर घालते, असे पेशींवरील प्रयोगांत दिसते. हिरव्या चहातील ईजीसीजी आणि कांद्यात मुबलक असणारे क्वेर्सेटिन यांनीही कर्करोग झालेल्या उंदरांत स्नायूंची घट कमी केल्याचे अहवाल आहेत. मला सर्वांत विचारपूर्वक वाटणारा शोध मात्र अर्सोलिक आम्लाचा आहे. उपाशी असलेल्या माणसांच्या स्नायूंत कोणती जनुके चढतात व कोणती उतरतात, याचा नकाशा संशोधकांनी आधी तयार केला आणि मग नेमका त्याच्या उलट परिणाम करणारा रेणू माहितीसंचात शोधला. तेव्हा सफरचंदाच्या सालीत असलेले हे आम्ल हाती लागले, आणि 2011 मध्ये त्याने उंदरांतील झीज रोखल्याचे प्रसिद्ध झाले. तो प्रयोग उपासाचा आणि चेतातंतू तोडलेल्या स्नायूंचा होता, कर्करोगाचा नव्हता, हे मात्र विसरता कामा नये.

उंदरापासून माणसापर्यंतची वाट अवघड आहे. प्रयोगातल्या उंदरात गाठ दोन-तीन आठवड्यांत वाढते आणि शरीराच्या मानाने मोठी होते. माणसात हेच महिनोन्‌महिने चालते. शिवाय एखाद्या रसायनाने गाठच आक्रसली, तर स्नायू त्या रसायनामुळे वाचले की गाठ लहान झाल्यामुळे, हे वेगळे काढावे लागते, आणि अनेक अभ्यासांत ते नीट काढलेले नसते. भांगेच्या अर्काची युरोपात 243 रुग्णांवर चाचणी झाली. 2006 मध्ये तिचे निष्कर्ष प्रसिद्ध झाले, तेव्हा भूक व जीवनमान या दोन्ही बाबतींत अर्क आणि निष्क्रिय औषध यांच्यात फरक आढळला नाही.

कर्क्युमिनची अडचण आणखी वेगळी आहे. ते आतड्यातून जेमतेम शोषले जाते आणि यकृत त्याचा लगेच निकाल लावते. मिऱ्यातील पायपरिनबरोबर दिल्यास माणसात त्याची उपलब्धता सुमारे 20 पटींनी वाढल्याचे 1998 मध्ये दिसले. पण जी विकरे पायपरिन रोखते, तीच कित्येक औषधांचाही निचरा करतात, त्यामुळे रक्तातली त्यांची पातळी अनपेक्षितपणे बदलू शकते. ईजीसीजीने तर बोर्टेझोमिब या औषधाशी जोडले जाऊन त्याची कर्करोगविरोधी क्रियाच थोपवल्याचे 2009 मध्ये प्रयोगशाळेत आढळले. म्हणून रोजच्या जेवणातली हळद आणि दाट अर्काची कॅप्सूल यांना एकाच मापाने मोजणे धोक्याचे आहे. अशी कॅप्सूल घेण्यापूर्वी, आणि आधीच घेत असल्यास आजच, उपचार करणाऱ्या डॉक्टरांना सांगितले पाहिजे. त्यात संकोच वाटण्याचे कारण नाही.

या रेणूंची पारख करायची, तर नुसते वजन पाहून चालणार नाही, कारण अंगात साठलेले पाणीही काट्यावर वजन म्हणूनच उमटते. हाताच्या पकडीची ताकद, चालण्याचा वेग आणि स्नायूंचे प्रत्यक्ष प्रमाण मोजायला हवे. त्यासाठी बऱ्याचदा वेगळी तपासणीही लागत नाही. गाठ पाहण्यासाठी काढलेल्या पोटाच्या सीटी स्कॅनमध्ये कमरेच्या तिसऱ्या मणक्याच्या पातळीवरचा एक छेद असतो आणि त्यातील स्नायूंच्या क्षेत्रफळावरून सबंध शरीरातील स्नायूंचा अंदाज बांधता येतो. तो छेद अनेक रुग्णांच्या फायलीत, अंगठी सैल होण्याच्याही आधीपासून, पडून असतो.