एसी बंदच होईना!

एसी बंद होत नाही, असं कुणी म्हटलं की आधी विचारावं, नक्की काय बंद होत नाही? आतला पंखा, बाहेरचा कॉम्प्रेसर, की दोन्ही? उत्तर कान देऊन ऐकलं तरी मिळतं, आणि पुढचं सगळं त्यावरच ठरतं.

रिमोटनं बंद केल्यावरही नुसता पंखा काही मिनिटं फिरत राहिला, तर बहुधा बिघाड नसतोच. बऱ्याच नव्या मॉडेल्समध्ये ओली कॉइल वाळवण्याची सोय असते. बुरशी आणि कुबट वास टाळण्यासाठीच ती दिलेली असते. आपोआप थांबेल.

रिमोटचंच ऐकत नसेल, तर गोष्ट जरा मजेची आहे. टीव्हीचा रिमोट दाबलेल्या बटणाचा सांकेतिक क्रमांक पाठवतो. एसीचा रिमोट बहुतेक वेळा दर दाबाला तापमान, मोड, पंख्याचा वेग असा सगळा हिशेब एकदम धाडतो. मात्र हे पोस्टकार्ड टाकण्यासारखं आहे, पोचलं की नाही ते रिमोटला कळत नाही. म्हणून रिमोटच्या पडद्यावर 'बंद' दिसतं आणि एसी खुशाल चालू असतो. हा संदेश अवरक्त प्रकाशात, सेकंदाला साधारण ३८ हजार वेळा लुकलुकत जातो. रिमोटचं टोक मोबाइलच्या कॅमेऱ्यासमोर धरून बटण दाबा. दिवा जांभळट चमकला तर रिमोट ठीक (काही फोनच्या मागच्या कॅमेऱ्याला तो दिसत नाही, मग पुढच्यानं बघा). पश्चिमेच्या खिडकीतून ऊन थेट युनिटवर येत असेल तर पडदा ओढून पुन्हा दाबा. उन्हातही अवरक्त किरण भरपूर असतात, त्यात रिमोटचा संदेश हरवू शकतो. तरीही ऐकेना, तर युनिटचं झाकण उचलून आतलं छोटं बटण दाबा. ते रिमोटविना चालू-बंद करण्यासाठीच असतं.

सोलापुरात 'बंद होत नाही' याचा अर्थ पुष्कळदा 'ट्रिप होत नाही', म्हणजे कॉम्प्रेसर मधेमधे थांबत नाही, असाच असतो. एसीवर लिहिलेली क्षमता बाहेर ३५ अंश आणि आत २७ अंश असताना मोजलेली असते. आपल्याकडे मे महिन्यात पारा ४० च्या वर जातो, आणि बाहेर जितकं गरम, तितकी एसीची ताकद घटते. त्यात जुळे सोलापुरातला वरचा मजला असेल तर दिवसभर तापलेला स्लॅब रात्रीही खोलीत उष्णता सोडत राहतो. अशा खोलीत १८ वर लावलेला एसी १८ गाठणारच नाही, मग थांबेल कसा? २४-२५ वर लावून बघा. इन्व्हर्टर एसी तर मुळात वेग कमी करून चालत राहण्यासाठीच बनवलेला असतो. २५ वर लावलाय, खोली गारठलीय, तरी साधा एसी थांबत नाही, असं असेल तर खोलीचं तापमान मोजणाऱ्या थर्मिस्टरवर संशय घ्यावा. त्याचा रोध तापमानाप्रमाणे बदलतो. तो बिघडला की एसीला खोली कायम गरमच वाटू शकते.

खरा धोका मात्र रिलेचा. साध्या, नॉन-इन्व्हर्टर एसीत कॉम्प्रेसरची वीज रिले जोडतो आणि तोडतो. सुरू होताना कॉम्प्रेसर नेहमीच्या कित्येक पट करंट ओढतो. व्होल्टेज पडलं की रिले फडफडतो, ठिणग्या उडतात आणि कधीतरी त्याची दोन टोकं वितळून एकमेकांना चिकटतात. मग आतलं युनिट मुकाट बंद होतं, बाहेरचं घरघरत राहतं. पंख्याची हवा नसल्यानं कॉइलवर बर्फ साचतो, द्रवरूप गॅस तसाच कॉम्प्रेसरकडे परततो. वायू दाबण्यासाठी बनवलेल्या यंत्रात द्रव शिरला की त्याचे भाग मोडू शकतात. इथे रिमोटशी झटापट करत बसू नका, एसीचा एमसीबी (वीज तोडणारा खटका) पाडा. कार्डावर (एसीच्या सर्किट बोर्डावर) टिचकी मारून रिले सोडवणारे मेकॅनिक असतात, पण एकदा चिकटलेला रिले पुन्हा चिकटतो. तो बदलूनच घ्यावा. आणि बाहेरच्या युनिटचं झाकण स्वतः उघडू नका, कारण आतल्या कपॅसिटरमध्ये एमसीबी पाडल्यावरही झटका देण्याइतका चार्ज उरलेला असू शकतो.