फेब्रुवारीचे शंभर रुपये

दर फेब्रुवारीच्या पगारात शंभर रुपये कमी येतात. ऑफिसात नवीन लागलेलं कोणीतरी दर वर्षी एचआरकडे चौकशीला जातं आणि दर वर्षी तेच उत्तर घेऊन परत येतं: प्रोफेशनल टॅक्स, म्हणजे नोकरी-व्यवसायावरचा राज्य सरकारचा कर. महाराष्ट्रात तो अकरा महिने दोनशे आणि फेब्रुवारीत तीनशे रुपये कापतात. वर्षाचे झाले २,५००. हा आकडा बाराने नीट भागला जात नाही, म्हणून फेब्रुवारीची ही कसरत. बरं, २,५००च का? तर राज्याला त्याच्या वर जाताच येत नाही. राज्यघटनेच्या कलम २७६ने तशी मर्यादा घातली आहे. १९८८मध्ये घटनादुरुस्ती करून ती २५०वरून २,५००वर नेली आणि तेव्हापासून ती जागची हललेली नाही.

मग गेल्या सदतीस-अडतीस वर्षांत या कराची कमाल मर्यादा वाढली की घटली? रुपयांत पाहिलं तर जिथल्या तिथे आहे. पण १९८८चे अडीच हजार आणि आजचे अडीच हजार एकच आहेत असं किराणा भरणारं कोणीही म्हणणार नाही. मोजायला एक सरकारी मापही हाताशी आहे. जुनं घर विकल्यावर नफा काढताना महागाईचा हिशेब धरता यावा, म्हणून आयकर खातं दर वर्षी 'कॉस्ट इन्फ्लेशन इंडेक्स' जाहीर करतं. त्या निर्देशांकाप्रमाणे १९८८-८९चा एक रुपया म्हणजे २०२५-२६चे जवळपास दहा रुपये. तेव्हाची मर्यादा आजच्या पैशात पंचवीस हजारांची होती. आज ती अडीच हजारांची आहे. नव्वद टक्के कपात, आणि ती कुठल्याही बजेटच्या भाषणात झाली नाही. महागाईने गुपचूप उरकली.

कर वाढला की घटला हा वाद आपण दर फेब्रुवारीत टीव्हीसमोर बसून घालतो. त्यात या न बोलता होणाऱ्या बदलाचं नावही निघत नाही, आणि माझ्या मते खरी गंमत तिथेच आहे.

कारण हीच महागाई आयकराच्या बाबतीत बरोबर उलटी वागते. आयकर स्लॅबने लागतो. स्लॅब म्हणजे काय ते लाइट बिलावरून पटकन कळतं. पहिल्या शंभर युनिटना एक दर, पुढच्या युनिटना चढा दर. एकशेएकावं युनिट जाळलं म्हणून आधीची शंभर महाग होत नाहीत. आयकराचंही तसंच. (तरी "पगारवाढ नको, वरच्या स्लॅबमध्ये जाईन" म्हणणारी माणसं प्रत्येक ऑफिसात भेटतात. त्यांना लाइट बिल दाखवावं.) आता समजा, महागाई वाढली म्हणून पगार तेवढ्याच टक्क्यांनी वाढला. खरेदीची ताकद आहे तेवढीच राहिली. पण स्लॅबच्या पायऱ्या जर रुपयांत गोठलेल्या असतील, तर वाढलेले सगळे रुपये वरच्या पायरीवर जाऊन पडतात आणि त्यांच्यावर चढ्या दराने कर लागतो. दर तोच, कायदा तोच, तरी पगारातला कराचा वाटा वाढलेला.

हे आकड्यांत बघू. २०१४-१५मध्ये वर्षाला सहा लाख मिळवणारा नोकरदार घ्या. सोयीसाठी सगळ्या वजावटी बाजूला ठेवू. अडीच लाखांपर्यंत काही नाही, पुढच्या अडीच लाखांवर १० टक्के, उरलेल्या लाखावर २० टक्के, वर त्या कराच्या ३ टक्के सेस. कर झाला ४६,३५० रुपये, म्हणजे पगाराच्या ७.७ टक्के. दोन वर्षांनी, २०१६-१७मध्ये, स्लॅब तेच होते. याचा पगार फक्त त्या निर्देशांकाइतका वाढून ६ लाख ६० हजार झाला असं धरलं, तर कर ५८,७१० रुपये, म्हणजे ८.९ टक्के. पगार खऱ्या अर्थाने एका पैशाने वाढला नाही, आणि कराचा वाटा मात्र जवळपास १.२ टक्क्यांनी चढला. अडीच लाखांची ती मूळ मर्यादा २०१४पासून तब्बल नऊ वर्षं तशीच होती. ८०सी म्हणून ओळखली जाणारी बचतीवरची दीड लाखाची वजावटही २०१४पासून दीड लाखच आहे. पीपीएफमध्ये पैसे टाकून कर वाचवल्याचं समाधान दर वर्षी थोडं थोडं लहान होत गेलं, ते कोणाच्या लक्षात आलं नाही इतकंच.

तरी गोष्ट इथे संपवली तर ती लबाडी ठरेल. पहिल्या पायरीचा दर २०१७मध्ये १०वरून ५ टक्के झाला. २०१८मध्ये स्टँडर्ड डिडक्शन, म्हणजे पगारदारांना सरसकट मिळणारी वजावट, परत आलं. २०२०मध्ये वजावटी सोडून देणाऱ्यांसाठी नवी करप्रणाली आली. आणि २०२५-२६पासून नव्या प्रणालीत बारा लाखांपर्यंतच्या उत्पन्नावर रिबेट (करातली सूट) धरून कर शून्य, पगारदारांसाठी स्टँडर्ड डिडक्शनसह पावणेतेरा लाखांपर्यंत. आपल्या त्याच माणसाचा पगार निर्देशांकाप्रमाणे वाढून आता ९ लाख ४० हजार झाला असेल. त्याचा आयकर: शून्य. म्हणजे ७.७, मग ८.९, मग शून्य. 'वाढला की घटला' याचं उत्तर कोणत्या दोन वर्षांची तुलना करता यावर ठरतं, आणि वाद घालणारा प्रत्येक जण आपल्याला सोयीची दोन वर्षं निवडतो.

सर्वांत सोयीचं वर्ष म्हणजे १९७३-७४. आमच्या दादरच्या काकांचं ते लाडकं. "अरे, आमच्या वेळी पावणेअठ्ठ्याण्णव टक्के टॅक्स होता!" आकडा अगदी खरा आहे. वरच्या स्लॅबला ८५ टक्के दर आणि त्या करावर १५ टक्के सरचार्ज, एकूण ९७.७५. पण तो दर वर्षाला दोन लाखांच्या वर असलेल्या उत्पन्नाच्या भागाला होता, आणि तो काळ महिन्याला काहीशे रुपये पगारात घर चालवण्याचा. पाच हजारांपर्यंतच्या वार्षिक उत्पन्नावर तेव्हाही कर नव्हता. परळ-लालबागच्या गिरणीतल्या बहुतेकांना आयकराचा फॉर्म कसा दिसतो हेही माहीत नसावं. काका स्वतः तेव्हा कारकून होते. ९७.७५ टक्के त्यांनी वर्तमानपत्रात वाचलेला दर आहे, भरलेला नव्हे. पुढे १९८५मध्ये अर्थमंत्री विश्वनाथ प्रताप सिंहांनी सर्वोच्च दर ५० टक्क्यांवर आणला, १९९७मध्ये चिदंबरम यांनी १०, २०, ३० अशी सुटसुटीत उतरंड केली. श्रीमंतांचा बोजा या काळात नक्की उतरला. मृत्यूनंतर मागे राहिलेल्या मालमत्तेवरची इस्टेट ड्यूटी १९८५मध्ये गेली, संपत्ती कर २०१५च्या बजेटमध्ये गेला. सामान्य माणसाला या दोन्हींचा कधी फारसा संबंधच आला नव्हता.

मग सामान्य माणूस कर कुठे भरत होता? मिठात.

वडाळ्याची मिठागरं आठवा. १९३०मध्ये दांडीयात्रेनंतर मुंबईकरांनी तिथे मीठ उचलायला धाडी घातल्या, लाठ्या खाल्ल्या. त्या लढ्यासाठी मीठच का निवडलं, याला एक शुद्ध गणिती कारणही आहे. शेठजी दिवसाला जेवढं मीठ खातो तेवढंच हमाल खातो, किंबहुना घाम गाळणारा हमाल जास्तच. म्हणजे दोघांचा कर रुपयांत सारखा, पण कमाईतला वाटा हमालाचा कितीतरी मोठा. जो कर कमाई कमी होत जाईल तसा टक्केवारीने जड होतो, त्याला प्रतिगामी कर म्हणतात. मिठावरचा कर स्वातंत्र्याच्या तोंडावर १९४७मध्ये रद्द झाला. आज मिठावर जीएसटीही नाही.

आजचं मीठ शोधायचं असेल तर मोबाइल काढा. २९९ रुपयांच्या रिचार्जमध्ये १८ टक्के जीएसटी धरलेला असतो: साधारण ४५ रुपये ६० पैसे. आमच्याकडे कामाला येणाऱ्या मावशी सगळी घरं मिळून महिन्याला पंधराएक हजार कमावतात. त्यांच्या कमाईच्या ०.३ टक्के या एका रिचार्जच्या करात जातात. दीड लाख पगारवाल्याचे ०.०३ टक्के. मोबाइलशिवाय मावशींना कामाचे निरोप मिळत नाहीत, मुलाच्या शाळेचे मेसेज येत नाहीत. "आमचा कसला आलाय टॅक्स?" असं त्या हसून म्हणतात. पगाराची स्लिपच नाही, तर कापलेलं दिसणार कुठे?

दिसणं आणि सोसणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. अर्थशास्त्राच्या मराठी पुस्तकांत त्यासाठी दोन छान शब्द आहेत: कराघात आणि करभार. कर ज्याच्याकडून वसूल होतो त्याच्यावर कराघात. तो पुढे ढकलत ढकलत शेवटी ज्याच्या खिशातून जातो त्याच्यावर करभार. मुंबईला याचा धडा मुलुंड आणि दहिसरच्या नाक्यांनी कित्येक दशकं दिला. लहानपणी एसटीतून मुंबईत शिरताना मुलुंडला ट्रकांची न संपणारी रांग दिसायची. ताडपत्री वर करून माल तपासायचे, पावत्या फाडायचे, ड्रायव्हर चहाच्या टपरीवर पेंगत बसलेले. जकात भरायचा व्यापारी. सोसायचे आपण, आणि दुकानातल्या कुठल्याही बिलावर 'जकात' असा शब्द छापून आल्याचं मला आठवत नाही. त्या मालावर कारखान्यातून निघताना एक्साइज, विकताना व्हॅट, आणि तो व्हॅट मोजला जायचा एक्साइज मिसळलेल्या किमतीवर. करावर कर. १ जुलै २०१७ला जीएसटी आला आणि त्या दिवशी मुंबईची जकात संपली. नाव तेवढं उरलंय. रिक्षावाला अजून "चेकनाक्याला सोडतो" म्हणतो.

म्हणूनच 'जीएसटीने कर वाढला' हे वाक्य मी सावधपणे घेतो. बऱ्याच वस्तूंवर कर वाढला नव्हता, पहिल्यांदा दिसायला लागला होता. काही ठिकाणी मात्र खरोखर वाढला. जुलै २०२२मध्ये लेबल लावलेल्या पाकिटातल्या तांदूळ, पीठ, दही, पनीर अशा वस्तूंवर ५ टक्के लागले. तेच सुटं घेतलं तर काही नाही. आणि काही ठिकाणी चांगलाच उतरला. २२ सप्टेंबर २०२५पासून साबण, टूथपेस्ट, बिस्किटं १८वरून ५ टक्क्यांवर आली. चाळीस रुपयांच्या साबणात आधी सहा रुपये दहा पैसे कर होता. त्याच मूळ किमतीवर आता एक रुपया सत्तर पैसे. पाकिटातल्या पनीरवर आणि वैयक्तिक आरोग्य व आयुर्विम्यावर आता काहीच नाही. मावशींच्या हिशेबात बारा लाखांच्या त्या रिबेटपेक्षा साबणाचे हे चार रुपये चाळीस पैसे मोठे आहेत, कारण रिबेट त्यांच्या वाट्याला येतच नाही.

जीएसटीच्या बाहेर राहिलेलं पेट्रोल-डिझेल ही वेगळीच तऱ्हा. तिथे केंद्राचा कर टक्क्यांत नाही, लिटरमागे रुपयांत. २०१४च्या सुरुवातीला पेट्रोलवर तो ९ रुपये ४८ पैसे होता, मे २०२०मध्ये ३२ रुपये ९८ पैसे, मे २०२२मध्ये १९ रुपये ९० पैसे. प्रोफेशनल टॅक्ससारखा हाही रुपयांत ठरलेला, म्हणजे महागाईने विरघळायला हवा. पण याला घटनेची मर्यादा नाही, त्यामुळे सरकार हवं तेव्हा चमचा ढवळतं. कच्चं तेल स्वस्त झालं की कर वाढवायचा, पंपावरचा भाव हलत नाही, ओरड होत नाही. २०२५मध्ये मुंबईत शंभराच्या वर गेलेल्या पेट्रोलच्या लिटरमध्ये केंद्र आणि राज्य मिळून चाळीसहून जास्त रुपये कर होता. आणि ज्याच्याकडे स्कूटरही नाही तो यातून सुटला असं समजू नका. नाशिकहून रात्री वाशी मार्केटला येणारा कोथिंबिरीचा टेम्पो डिझेलवर चालतो. त्या डिझेलवरच्या कराचं क्रेडिट वाहतूकदाराला घेता येत नाही, म्हणजे तो स्वतःच्या देय करातून वजा करता येत नाही; तो भाड्यात जातो आणि भाडं जुडीत.

सगळ्या देशाचं एकत्र पाहिलं तर उत्तर त्यातल्या त्यात सरळ आहे. १९५०-५१मध्ये केंद्र आणि राज्यांचे सगळे कर मिळून राष्ट्रीय उत्पन्नाच्या साधारण ६ टक्के होते. अलीकडे ते १७-१८ टक्क्यांच्या आसपास असतात. म्हणजे बोजा जवळपास तिप्पट. पण तो कोणाच्या खांद्यावर, हे त्या आकड्यात नसतं. २०१९मध्ये कंपन्यांच्या कराचा मूळ दर सवलती सोडणाऱ्यांसाठी २२ टक्के झाला, आणि २०२३-२४मध्ये व्यक्तींकडून आलेला आयकर कंपन्यांच्या कराहून जास्त होता. मुंबईतल्या नोकरदाराला ही बातमी चहाबरोबर गिळायला जरा जड गेली असणार.

गेल्या रविवारी मी माझ्या जुन्या फॉर्म १६ची, म्हणजे पगार आणि कापलेला कर दाखवणाऱ्या ऑफिसच्या दाखल्यांची, फाइल काढली. प्रत्येक वर्षाचा कर त्या वर्षीच्या पगाराने भागला, टक्के एका कागदावर उतरवले. अर्ध्या तासाचं काम. मग त्याच कागदावर घरखर्चातला कर मांडायला बसलो. किराण्याच्या बिलांवर जीएसटीची ओळ सापडली, रिचार्जचा हिशेब काढता आला, हॉटेलच्या बिलांवर तर केंद्राचा आणि राज्याचा वाटा वेगळा छापलेला. पेट्रोलच्या पावत्या उरल्या. त्यांच्यावर दर होता, लिटर होते, रक्कम होती. कराची ओळ नव्हती. कोथिंबिरीच्या जुडीला तर पावतीच नव्हती.